दारात आलेला पाय

पायाला आलेला फोड कात्रीने कापायचा नसतो. वरची कातडी हीच त्याची सगळ्यात चांगली पट्टी. इंजेक्शनची नवी सुई घ्यायची, फोडाच्या कडेला, खालच्या अंगाला एकदाच टोचायची, कापसाने हलकं दाबून पाणी काढायचं, कातडी होती तशी बसवायची आणि वर बिटाडीन लावून पट्टी गुंडाळायची. ज्याला साखरेचा आजार आहे त्याच्या फोडाला सुई लावायचीच नाही. नुसता झाकायचा आणि डॉक्टरकडे पाठवायचं. म्हणून सुई उचलण्याआधी मी विचारतो, "माउली, शुगर आहे का?" वर्षातून एका संध्याकाळी 'माउली' हा शब्द माझ्या तोंडून निघतो. दुसरी हाक वारकऱ्यांना ऐकूच जात नाही.

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढीनंतर पंढरपूरहून पायी परत निघते आणि शेवटच्या टप्प्यात मेहकर, जानेफळ करत खामगाववरून शेगावी पोचते. जानेफळात ती येते त्या दिवशी मी अक्काच्या ओट्यावर बसतो. समोर पाण्याची बादली, शेजारी माझा पत्र्याचा डबा. पांढऱ्या कपड्यातली माणसं, खांद्यावर पताका, दोन ओळी. ओळ मोडायची नाही ही शेगावची शिस्त. ओळ सुटली की मग ती माणसं घराघरांत विखुरतात आणि तेव्हा कळतं की कोण कोण लंगडत होतं.

मी विज्ञानाचा मास्तर होतो. निवृत्तीनंतर अकोल्याला राहतो. देव मानत नाही. अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी, जानेफळात दिलेली. 'गजानन विजय'चा एक अध्याय वाचल्याशिवाय ती सकाळचा चहा घेत नाही. एकविसावा संपला की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिला. ती वऱ्हाडी बोलते, मी नोकरीने बिघडवलेलं पुस्तकी बोलतो. भांडण मात्र आम्हाला दोन्हींत जमतं.

या वर्षी झड लागली होती. सोयाबीन गुडघ्याला आलेलं, काळी माती पायांना चिकटून येत होती. साठीचा एक वारकरी आला. टाचेवर रुपयाएवढा फोड, त्यावर चिखल. पाय धुतला, पुसला, टोचला, बांधला. दहा मिनिटं गेली असतील. पट्टी बांधून झाली तसा तो वाकला आणि माझ्या पायावर डोकं ठेवायला लागला. मी पाय झटकन मागे घेतला. तो हसला, हवेतच नमस्कार केला आणि गेला. अक्का दारात उभी होती. तेव्हा काही बोलली नाही.

रात्री जेवणं आटोपली. ओसरीत ती वाती वळत बसली. घरच्या कापसाची सरकी काढायची, पिंजायचा, तळहातावर थोडी राख घ्यायची आणि मांडीवर एकच फिरकी. तिच्या हाताला बघावं लागत नाही.

"त्याले पाया पडू देल्लं नाही तू."

"मी कशाला पाया पडून घेऊ? मी काय महाराज आहे?"

"तो तुह्या पाया पडतच नव्हता, बाप्पा. त्याचे डोये तिथी दुसरंच कोनी पाहून राह्यले व्हते. तू मधात काहून आला?"

"म्हणूनच पाय मागे घेतला ना! मी माणसाच्या टाचेला औषध लावलं, तो देवाला नमस्कार करून निघाला. मधल्या मधे मी गायब."

"गायब व्हनंच तं असते ते," अक्का म्हणाली, आणि वातीचं टोक दाताखाली धरून खुदकन हसली. मग थोडं थांबून तिने तो प्रश्न विचारला, ज्याच्यामुळे हा लेख लिहायला बसलो आहे.

"महाराज नसते तं हा पाय तुह्या दारात आला असता काय?"

मला वाटतं, देव न मानणाऱ्यांना विचारले जाणारे प्रश्न बहुतेक वेळा चुकीचे असतात. देव नसेल तर नीती कुठून येणार, मेल्यावर काय होणार, जग कोणी केलं. यांची उत्तरं आम्हाला पाठ असतात. अक्काचा प्रश्न त्यातला नव्हता. तू चांगला आहेस की नाही, हे ती विचारतच नव्हती. तुझ्या चांगुलपणाला गिऱ्हाईक कोण आणून देतं, एवढंच तिचं म्हणणं.

मी जरा चाचपडून म्हणालो, "पाय महाराजांशिवायही येतात. २०२० च्या उन्हाळ्यात, टाळेबंदीत, मजूर पायी निघाले होते. पोरं कडेवर घेऊन, उन्हातून. त्यांच्या पायांना फोड नव्हते? त्यांच्यासाठी कोणी रांगोळ्या काढल्या?"

"रांगोया नाही काढल्या. भाकरी देल्या. सडकीवर नेऊन देल्या, पाटलायची सून आन् मी. तू कोठी व्हता तवा?"

मी अकोल्याला होतो. घरात, दार लावून. नियम पाळत होतो, असं आजवर स्वतःला सांगत आलो.

हा घाव चुकवायला म्हणून मी माझं ठरलेलं वाक्य काढलं. व्याख्यानांत ते मी पुष्कळदा वापरलं आहे, टाळ्या पडतात. "म्हणजे बघ अक्का, तू ज्याला देव म्हणतेस तो शेवटी माणसाची सेवाच आहे. नाव तेवढं वेगळं."

अक्काने हातातली वात खाली ठेवली.

"नाही. माह्या महाराजाले काढून तू माही सेवा तेवढी घेऊ नको. मी भाकर मानसाले देतो, पन सांगतो त्याले. सकायी पोथी उघडतो तवा मले समोर कोनी असते. तुले नसन दिसत, नको दिसू. पन 'ते नाहीच, नुसती भाकर खरी,' असं म्हनून मले अर्धी करू नको."

मले अर्धी करू नको. चाळीस वर्षांत मला कोणी इतकं नेमकं उत्तर दिलं नव्हतं. आणि गंमत अशी की ही तक्रार माझीच आहे. गावोगावचे कीर्तनकार, सत्काराला आलेले पाहुणे, निवृत्त तहसीलदार, सगळे मला पाठीवर हात ठेवून सांगतात, "सर, तुम्ही देव मानत नाही म्हणता, पण खरे भक्त तुम्हीच." कौतुक असतं ते, पण त्यात माझं म्हणणं गिळून टाकलेलं असतं. मी जे नाकारलं, विचार करून, घरात वाईटपणा घेऊन नाकारलं, ते त्यांना मोजायचंच नसतं. आस्तिक आम्हाला न कळता भक्त झालेले समजतात आणि आम्ही आस्तिकांना न कळता मानवतावादी. दोघेही समोरच्याला अर्धा करतो.

"बरं," अक्का म्हणाली, "मी माही पूरी. तू पूरा कसा होतो थे सांग. सकायी उठतो कायच्यासाठी? ना स्वर्ग, ना मोक्ष, ना कोनी पाहून राह्यलं."

मास्तरला उदाहरणं द्यायची खोड असते. मी आगरकर काढले. कऱ्हाडजवळच्या टेंभूचा गरीब घरातला मुलगा, शिकायला वणवण करत आपल्या वऱ्हाडात अकोल्याला येतो, तिथून मॅट्रिक होतो, पुण्याला डेक्कन कॉलेजात जातो. मोठ्या पगाराची नोकरी दारात उभी असताना आईला पत्र लिहून कळवतो की तशी स्वप्नं पाहू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांच्या कामी लावणार. १८८८ मध्ये 'सुधारक' काढतो. लोक इतके चिडतात की पुण्यात त्याची जिवंतपणी प्रेतयात्रा निघते आणि ती तो डोळ्यांनी पाहतो. दम्याने पोखरलेला देह, १७ जून १८९५ ला संपतो. चाळिशीही पाहिली नाही. "आणि या माणसाला परलोकाची कसलीही आशा नव्हती, अक्का. मिळणार काहीच नाही हे ठाऊक असून त्याने केलं."

अक्काने सगळं नीट ऐकलं. मग म्हणाली, "ते चिठ्ठी वाचून मायले काय वाटलं असन?"

या पत्रावर मी किती व्याख्यानं दिली. ते ज्या बाईच्या हातात पडलं तिचा विचार एकदाही केला नव्हता.

"तुह्यं सांग ना," अक्का म्हणाली. "मेलेल्यायचं नको."

माझं सांगायचं तर लोणार. पहिल्यांदा पोरांना एसटीने घेऊन गेलो तेव्हा मीही काठावरून पहिल्यांदाच खाली पाहिलं. बेसॉल्टच्या काळ्या खडकात पावणेदोन किलोमीटरहून रुंद वाडगा. आकाशातून एक दगड आला आणि जे झालं ते काही क्षणांत झालं. कधी, यावर अजून वाद आहे. कोणी पन्नास हजार वर्षं म्हणतात, कोणी पाच लाखांच्या वर. पोरं गप्प झाली होती. वर्गात कधी न गप्प बसणारी पोरं. गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहे, लवणासुराची गोष्ट आहे, ती मी त्यांना सांगितली. पण देवळापाशी ती बडबडत होती आणि काठावर गप्प होती, हे मी विसरलो नाही. पुढे २०२० च्या जूनमध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं. लोक म्हणाले कोप झाला. नागपूरच्या नीरीने आणि पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासले. (आघारकर, आगरकर नव्हे, पण मला ते साम्य आवडतं.) खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले. पाणी आटलं, मीठ वाढलं, ते माजले, त्यांचा रंग पाण्याला चढला. पेपरात ते वाचलं तेव्हा मी घरात एकटाच येरझाऱ्या घालत होतो. इतका आनंद झाला होता की कोणाला तरी फोन करावा, पण कोणाला करणार?

"मले केला व्हता," अक्का म्हणाली. "चूल पेटवत व्हती मी. तू कितीक येय किड्यायचं सांगत व्हता."

"मग काय वाटलं होतं तुला?"

"मी म्हटलं, त्या किड्यायले गुलाबी रंग कोनं देल्ला?"

"उन्हापासून वाचायला त्यांनी आपला आपण केला."

"आपला आपन केला," ती मान हलवत म्हणाली. "तुह्यासारखेच हायेत मंग." थोड्या वेळाने, वातींची जुडी बांधताना, तिचा आवाज बदलला. "सुखाच्या दिवसाचं तुह्यं बरं हाये, बापू. थे मले पटते. लोनार पाहून आनंद होते, पोरं शिकून मोठे झाले का आनंद होते. दुखाच्या दिवसाचं सांग. माय गेली तवा तू तेराव्याले काय करत व्हता?"

तेराव्याला मी भिंतीला टेकून बसलो होतो. याच ओसरीत; शेवटची चार वर्षं माय अक्काकडेच होती. डोकं भादरायला नकार दिला, पिंडाला हात लावला नाही, ते सगळं चुलतभावाने केलं. माझं तत्त्व मी पाळलं. सकाळपासून गाव येत होतं. अक्काजवळ बाया खेटून बसत, तिच्याबरोबर रडत, मधेच थांबून डाळ शिजली का विचारत, पुन्हा रडत. मला कोणी खांद्याला हात लावे आणि काय बोलावं ते न सुचून पुढे सरके. बोलायचे शब्द त्यांच्याकडे होते, 'देवाला आवडली', 'सोनं झालं तिचं'. पण हा मास्तर मानत नाही हे गावाला ठाऊक, म्हणून तेही गिळले. दुसरे शब्द त्यांच्याकडे नव्हते आणि मीही त्यांना दिले नव्हते. अकोल्याला परत आलो. फोनवर संदेश आले, पुष्कळ आले. तीन महिन्यांनी चष्म्याचं रिकामं घर सापडलं, तिचं, काडी मोडलेल्या चष्म्याचं, आणि तेव्हा मी एकटा बसून काय ते रडलो.

"तू कोनाचा म्हनून बसला व्हता तिथी? मायचा पोरगा म्हनून का मास्तर म्हनून?"

मी उत्तर दिलं नाही. तिने दिलं.

"माह्या संगं निंदाले येते थे बाई हाये ना, त्यायचा देव बाबासायबानं काढला. पन घर रिकामं नाही ठेवलं त्यायनं. विहार देल्लं, वंदना देल्ली, पांढरं लुगडं देल्लं, पौर्निमा देल्ली. तिचा मालक गेला तं सारी वस्ती तिच्या दारात बसून वंदना म्हनत व्हती. मी बी बसली. तुह्या लोकायनं देव काढला आन् घराले कुलूप लावलं."

१४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा, त्या बावीस प्रतिज्ञा मी वर्गात शिकवल्या आहेत. त्यात काय काय सोडलं गेलं याकडेच माझं लक्ष होतं. अवतार सोडले, श्राद्ध सोडलं, पिंड सोडला. जे हातात दिलं गेलं ते माझ्या फळ्यावर कधी आलं नाही. हे अक्काने दाखवलं ते बरोबर होतं, पण आमच्याकडेही काही नव्हतंच असं नाही, म्हणून मी जोतिराव फुल्यांकडे वळलो. सत्यशोधक समाज १८७३ च्या सप्टेंबरात निघाला आणि त्याच डिसेंबरात भटजीशिवाय पहिलं लग्न लागलं. ही माणसं नुसती नाकारत बसली नाहीत, विधी रचत होती. जोतिराव निर्मिक म्हणून एक निर्माता मानत हे खरं, तेव्हा ते माझ्या पंगतीतले नाहीत. पण पंगत घालायची असते हे त्यांना कळत होतं. आणि जोतिरावांचं चरित्र १९२७ मध्ये लिहिलं ते आपल्या चिखलीच्या पंढरीनाथ पाटलांनी, इथून काही फार लांब नाही.

"मंग गेलं कोठी थे सारं?"

खरं सांगायचं तर, आम्हाला सभा घेता येते, पंगत घालता येत नाही. ठराव करता येतो. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचून जो जादूटोणाविरोधी कायदा मागितला, तो त्यांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाल्यावर त्या वर्षाअखेर झाला. त्यात काय चालणार नाही ते आहे, तसंच यात्रा, हरिकीर्तन, भजन यांना हा कायदा लागू नाही हेही लिहिलेलं आहे. अक्काला मी ते वाचून दाखवलं होतं, कारण तेव्हा गावात आवई होती की आता दिंडी बंद होणार. ती एवढंच म्हणाली होती, "चांगल्या मानसाले मारलं." पण कायदा म्हणजे कुंपण. कुंपणाच्या आत काय लावायचं ते ज्याचं त्याने पाहायचं असतं.

मग मी तिला सेवाग्रामची गोष्ट सांगितली. आंध्रातले गोपराजू रामचंद्र राव, लोक त्यांना गोरा म्हणत. पक्के निरीश्वरवादी, अस्पृश्यता मोडायला खेड्यात जाऊन राहिलेले. १९४४ मध्ये ते वर्ध्याला गांधींकडे येतात. गांधी चकित होतात: देव न मानता हा माणूस हे सगळं कसं करतो? बोलणी होतात, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. कोणीच कोणाला बदलू शकत नाही. माझं आस्तिक असणं बरोबर आणि तुमचं नास्तिक असणं चूक असं मी म्हणू शकत नाही, इथपर्यंत गांधी येतात. पुढे गोरांच्या मुलीचं एका दलित तरुणाशी लग्न ठरतं. ते सेवाग्राममध्ये लावायचं गांधी कबूल करतात. पण लग्नाच्या विधीत ईश्वराचं नाव येतं, आणि गोरा तर ते घेणार नाहीत. गांधी म्हणतात, ईश्वराच्या जागी सत्य म्हणू.

"गांधीनं नाव बदललं?" अक्काचे हात थांबले.

"बदलणार होते. त्याआधीच त्यांना मारलं."

"मंग लगन?"

"झालं. सेवाग्रामलाच, १३ मार्च १९४८ ला."

"बरं झालं." बराच वेळ तिने नवी वात घेतली नाही. बाहेर पाऊस पन्हाळीवरून बादलीत पडत होता. "म्हन्जे येक शब्द बदलला तं मंडपात दोघंबी बसू शकत व्हते. तुले कोनं अडवलं व्हतं? मायच्या तेराव्याले 'देव' शब्द आला तिथी 'माय' म्हनाचं व्हतं. पानी सोडाचं व्हतं. भिंतीले टेकाचं नव्हतं."

आता मी चिडलो. खरं बोललेलं लागतं तेव्हा माणूस चिडतो, तसा. "शब्द बदलायचं तू मला सांगतेस? तुमचे शब्द कधी बदलता? पलीकडच्या गल्लीत पोरगा गेला. स्वतःच्या हाताने गेला. सोयाबीनचा भाव पडला, कर्ज थकलं, घरात बहिणीचं लग्न. त्याच्या बापाला येणारा प्रत्येक माणूस काय सांगत होता? देवाची मर्जी. २००६ मध्ये सरकारने आत्महत्यांसाठी पॅकेज दिलं त्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत आपला बुलढाणा होता. सहाच्या सहा जिल्ह्यांवर त्याची मर्जी फिरली का? मर्जी म्हटलं की हिशेब बंद होतो, अक्का. भाव कोणी पाडला, कर्ज कोणी नाकारलं, कोणी विचारत नाही. आणि त्या पोराच्या खोलीत भिंतीवर महाराजांचा फोटो होता."

हे शेवटचं बोलायला नको होतं. बोललो.

अक्का कितीतरी वेळ दिव्याकडे पाहत राहिली.

"मी बी म्हटलं व्हतं. त्याच्या मायच्या तोंडावर. 'मर्जी' म्हटलं. तिनं माह्याकडे पाह्यलं." तिने पदराने नाक पुसलं. "तू काय म्हटलं तिले?"

"मी गेलोच नव्हतो."

"हं."

पाऊस जरा उणावला. देवळाकडून टाळांचा आवाज येत होता.

"मी दर सोमवारी जातो तिच्याकडे," अक्का म्हणाली. "आता नाही म्हनत मर्जी. काहीच नाही म्हनत. दोघी मिळून तुरी निवडतो, नाही तं नुसती बसतो. घरी येतो आन् महाराजासंग भांडतो. म्हंतो, सांगा. थे अजून सांगत नाही."

"मग वाचतेस कशाला पोथी?"

"भांडाले कोनी पायजे ना घरात." ती उठली, वातींचा डबा फडताळात ठेवला आणि जाता जाता म्हणाली, "तू कोनासंग भांडतो?"

मी पुन्हा अकोल्याच्या त्या येरझाऱ्यांवर आलो. लोणारचा फोन अक्कालाच केला होता. चष्म्याच्या घराबद्दलही आजवर कोणाला सांगितलं असेल तर तिलाच. हे मी तिला बोलून दाखवलं नाही. मोठी बहीण आहे, डोक्यावर बसेल.

त्याऐवजी मी पिशवीतून फॉर्म काढला. दोन वर्षं हा फॉर्म जानेफळला येतो आणि तसाच परत जातो. देहदानाचा. अकोल्याला २००२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाची पोरं शरीर शिकतात ती अशाच देहांवर. सही माझी असली तरी मी गेल्यावर देह तिथे नेऊन द्यायचा तो घरच्यांनी, तोही वेळेत. घरचे आडवे पडले तर सहीला काही किंमत नाही. मुलाने सही केली आहे. अक्काची कायद्याने लागेलच असं नाही, पण ती आडवी पडली तर तिला उचलणारा अजून जन्माला यायचा आहे.

"मेल्यावर बी मास्तरकी," तिने फॉर्म दिव्यापाशी धरला.

"एक तास जास्तीचा. चाळीस वर्षं घेतले, आणखी एक."

"कापतीन तुले."

"शिकतील."

"तोंडात तुयशीचं पान ठेवू देतीन का? देन्याच्या आंधी."

"फॉर्मात तशी जागा नाही."

"फॉर्माले कोन इचारते? तुले इचारतो."

मी गांधींचा विचार करत होतो. गोरांचाही. "ठेव," मी म्हणालो. "पण मी ते तुझ्यासाठी ठेवू देतोय. माझ्यासाठी नाही."

"मले मालूम हाये. मी बी सही तुह्यासाठीच करन." पण केली नाही. फॉर्म घडी घालून पोथीच्या फडक्यात बांधला. "पाहू. आंधी मीच गेली तं?"

हा प्रश्न मी कधी स्वतःला विचारला नव्हता. ती त्र्याऐंशी वर्षांची आहे.

"मग मी काय करू तुझ्या तेराव्याला? खरं सांग."

अक्का आतून पांघरूण घेऊन आली. माझ्या अंगावर टाकलं, लहानपणी टाकायची तसंच, पायापासून वर.

"वरन वाढजो पंगतीत. हात थरथरते तुहा, भात नको. भिंतीले टेकून बसू नको."